हाय-स्पीड कॅमेरा मागायला येण्याआधी: अभियांत्रिकी संशोधकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बडोद्यातल्या एका अभियांत्रिकी प्रयोगशाळेत हाय-स्पीड कॅमेरा सांभाळायचं काम मी बरीच वर्षं केलं. कॅमेरा एक आणि मागणारे दहा. एम.टेक.ची मुलं, पीएच.डी.वाले, त्यांचे गाईड, मधूनच मकरपुऱ्याच्या कारखान्यातून आलेले कोणी भाई. प्रश्न निम्मे मराठीत, निम्मे गुजरातीत, पण फिरून फिरून तेच. म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. क्रम पुस्तकी नाही, माणसं ज्या क्रमाने विचारतात तोच आहे.

माझ्या प्रयोगाला सेकंदाला किती फ्रेम्स लागतील?

पहिला प्रश्न कायम हाच, आणि तो उलट्या टोकाने विचारलेला असतो. आधी मला तीन गोष्टी सांगा. वस्तू किती वेगाने जाते? चित्रात किती रुंदीची जागा दिसायला हवी? घटना एकूण किती वेळ चालते? एवढं कळलं की आकडा कागदावर दोन मिनिटांत निघतो.

डिझेल इंजेक्टरचा फवारा घ्या. भोक ०.१ ते ०.२ मिलिमीटरचं. इंधन बाहेर पडतं सेकंदाला काही शे मीटर वेगाने, आणि सगळा खेळ एक-दोन मिलिसेकंदांत आटोपतो. सेकंदाला २०,००० फ्रेम्स घेतल्या तर दीड मिलिसेकंदाच्या फवाऱ्याचे ३० फोटो हाती येतात. फवाऱ्याचं टोक कधी कुठे पोचलं याचा आलेख काढायला ३० बिंदू पुरे होतात.

आता काचेचा तडा घ्या. साध्या काचेत तडा सेकंदाला जवळपास १,५०० मीटर वेगाने धावतो. २०,००० फ्रेम्सना दोन फोटोंच्या मध्ये तो साडेसात सेंटिमीटर पुढे गेलेला असतो. एका फोटोत काच धड, पुढच्यात तिची चाळण. तोच तडा दहा लाख फ्रेम्सना पाहिला तर फोटोमागे दीड मिलिमीटर सरकतो, आणि तेव्हा कुठे ‘तडा गेला’ असं म्हणण्याऐवजी ‘तडा असा गेला’ असं म्हणता येतं.

कंपनाचं गणित वेगळं आहे. १,००० हर्ट्झने थरथरणारा भाग असेल तर सिद्धांताप्रमाणे २,०००च्या वर काहीही चालेल. मी १०,००० सांगतो. एका हेलकाव्याचे निदान दहा फोटो नसले तर जे दिसतं त्यावर विश्वास ठेवू नये. सिनेमात टांग्याची चाकं उलटी फिरताना पाहिली असतील. कॅमेऱ्याने खोटं काहीच दाखवलेलं नसतं, त्याने फक्त कमी वेळा पाहिलेलं असतं.

मग सगळ्यात जास्त फ्रेमरेट लावून टाकला तर? जास्त म्हणजे चांगलंच ना?

नाही. याबद्दल जितका वाद घातला तितका दुसऱ्या कशाबद्दल घातला नसेल.

पहिली किंमत चित्राच्या आकारात मोजावी लागते. सेन्सरवरून माहिती बाहेर काढण्याचा वेग ठरलेला असतो, त्यामुळे फ्रेम्स वाढवल्या की चित्र आक्रसतं. फोट्रॉनच्या एसए-५ या जुन्या पण गाजलेल्या कॅमेऱ्यात सेकंदाला ७,००० फ्रेम्सपर्यंत १०२४ × १०२४ पिक्सेलचं पूर्ण चित्र मिळतं. दहा लाखांवर नेलं की उरतात ६४ × १६ पिक्सेल. टपालाच्या तिकिटाचाही तुकडाच म्हणायचा.

दुसरी किंमत कोणी सांगत नाही, आणि ती थेट तुमच्या निष्कर्षांत शिरते. समजा थेंबाची कड ओळखण्यात अर्ध्या पिक्सेलची चूक होते, आणि ती होतेच. दोन फोटोंमध्ये थेंब एकच पिक्सेल सरकला असेल तर वेगातली चूक पन्नास टक्के. वीस पिक्सेल सरकला असेल तर तीच चूक अडीच टक्के. एका मुलीने गरजेच्या दहापट फ्रेमरेटने थेंब टिपला, लागोपाठच्या फोटोंवरून वेग काढला, वेगावरून त्वरण काढलं, आणि आलेख घेऊन आली तो थेट ईसीजीच्या पट्टीसारखा. तिला वाटलं काही नवीन भौतिकी सापडलं. तिला म्हटलं, दर दहावा फोटो घे आणि पुन्हा काढ. वक्ररेषा तेल लावल्यासारखी गुळगुळीत आली. थोडी निराश झाली बिचारी.

एक्स्पोजर आणि फ्रेमरेट एकच ना?

एकच नव्हेत. फ्रेमरेट म्हणजे सेकंदात किती वेळा डोळा उघडला, आणि एक्स्पोजर म्हणजे दर वेळी तो किती वेळ उघडा राहिला. फोटो फराटल्यासारखा येणं हा फ्रेमरेटचा दोष नसतो, एक्स्पोजरचा असतो.

हिशेब तोंडी होतो. सेकंदाला २० मीटर जाणारा थेंब ५० मायक्रोसेकंदांत एक मिलिमीटर सरकतो. थेंबच अर्ध्या मिलिमीटरचा असेल तर फोटोत थेंब नाही, शेवई येईल. एक्स्पोजर एका मायक्रोसेकंदावर आणलं (सेकंदाचा दहा लाखावा भाग) तर सरकणं २० मायक्रॉनवर येतं (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). तुमचा एक पिक्सेल २० मायक्रॉनचा असेल तर काम झालं, याहून खाली जाण्यात अर्थ नाही.

चित्र काळं येतं. कॅमेरा बिघडलाय का?

कॅमेरा ठणठणीत आहे. तुमच्याकडे प्रकाश नाही.

या पानावरचं एकच उत्तर वाचायचं असेल तर हे वाचा. साधा व्हिडिओ सेकंदाच्या पन्नासाव्या भागाचं एक्स्पोजर घेतो. तुम्ही दोन मायक्रोसेकंदांचं घेताय, म्हणजे दहा हजारपट कमी. डोळ्याला लख्ख दिसणारी खोली सेन्सरच्या दृष्टीने अमावास्या असते. कॅमेरा मागून आणता येतो, भाड्याने मिळतो, दुसऱ्या शहरात जाऊन वापरता येतो. प्रकाश मात्र ज्याचा त्याने जमवायचा. माझ्याकडे आलेल्या दर दहा अडचणींपैकी सात-आठ तरी कॅमेऱ्याच्या नव्हत्याच, दिव्याच्या होत्या.

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कमी वापरला जाणारा उपाय म्हणजे दिवा मागून लावणं. दिवा, त्यापुढे ट्रेसिंग पेपर किंवा स्वयंपाकघरातला बटर पेपर, मग तुमचा फवारा किंवा थेंब, आणि समोर कॅमेरा. सगळा प्रकाश सरळ लेन्समध्ये येतो, वस्तू काळी आणि तिची कड सुरीने कापल्यासारखी स्पष्ट. थेंबाचा व्यास, बुडबुड्याचा आकार, फवाऱ्याचा कोन हे सगळं सावलीवरून मोजता येतं. समोरून दिवा टाकला तर बहुतेक प्रकाश भिंतींवर जातो आणि थेंबावर फक्त एक चमकता ठिपका उरतो.

दुसरं, दिवा जवळ आणा. छोटा दिवा निम्म्या अंतरावर आला की प्रकाश चौपट. लोक दिवा दोन मीटरवर स्टँडवर उभा करतात आणि दुसरा दिवा मागायला येतात.

तिसरं, लेन्सचं छिद्र मोठं करा, पण जपून. छिद्र मोठं केलं की जेवढ्या खोलीत चित्र स्पष्ट राहतं ती खोली कमी होते, आणि दोन मिलिमीटर पुढे पडलेला थेंब धुरकट होतो. थेंब रोज एकाच जागी पडेल अशी व्यवस्था केलीत तर हरकत नाही.

हॅलोजन लावले तर चालेल ना? वर्कशॉपमध्ये पडून आहेत.

चालेल, पण तो दिवा कमी आणि शेगडी जास्त आहे. तापलेल्या पृष्ठभागावर थेंब कसा बाष्प होतो हे पाहणारा एक प्रयोग आम्ही दोन हॅलोजन लावून केला. आठवडाभराने लक्षात आलं की थेंबाला पृष्ठभाग जितकं तापवत होता, जवळपास तितकाच दिवाही तापवत होता. सगळी मोजमापं रद्द. त्याच आठवड्यात ॲक्रिलिकच्या टाकीची एक बाजू पोक काढून बसली, ती वेगळीच. आता एलईडी वापरा, आणि हॅलोजनशिवाय गत्यंतर नसेल तर दिवा रेकॉर्डिंगआधी दोन सेकंद लावा आणि रेकॉर्डिंग संपताच बंद करा.

व्हिडिओत उजेड धडधडतोय.

तुमचा दिवा एसीवर चालतोय. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून दिव्याचा उजेड सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो. ५,००० फ्रेम्सना दर ५० फोटोंमागे एक लाट दिसते. डीसी सप्लायवरचा एलईडी घ्या आणि खोलीतली ट्यूबलाइट बंद करा.

अचूक क्षण पकडायचा कसा? बटण दाबेपर्यंत सगळं संपतं.

माणसाच्या बोटाला दाबायला सेकंदाचा पाचवा भाग लागतो. त्यात इंजेक्टरचे शंभर फवारे होऊन जातील. पण हे कॅमेरे मुळात तसे चालतच नाहीत. कॅमेरा सतत रेकॉर्ड करत असतो आणि मेमरी भरली की सगळ्यात जुने फोटो पुसून त्यांच्या जागी नवे लिहितो, रहाटगाडग्यासारखा. ट्रिगर म्हणजे ‘आता सुरू कर’ नव्हे, ‘आता पुसणं थांबव’. म्हणून घटना होऊन गेल्यावर बटण दाबलं तरी ती मेमरीत सापडते, मेमरी पुरेशी असली तर.

ट्रिगर कॅमेऱ्याला शक्यतो विजेच्या संकेतानेच द्या. इंजेक्टर चालवणारा पल्स असेल तर तोच कॅमेऱ्याला जोडा. आवाज होणारी घटना असेल तर माइक. काहीतरी तुटणार असेल तर त्यावर बारीक तार किंवा पेन्सिलीच्या शिशाची कांडी चिकटवा, ती तुटली की सर्किट तुटतं आणि कॅमेऱ्याला कळतं. शिशाची कांडी ही खरोखर चालणारी युक्ती आहे, हसू नका.

ट्रिगरच्या आधीचे किती आणि नंतरचे किती फोटो ठेवायचे हे कॅमेऱ्यात आधी सांगावं लागतं. तीन आठवडे खपून केलेला काँक्रीटचा बीम एकदा मोडला तेव्हा हे सेटिंग ‘फक्त नंतरचे’ असं राहून गेलं होतं. आमच्याकडे पडलेल्या ढिगाऱ्याचं सुरेख चित्रीकरण आहे. सेटिंग माझ्याच हातून राहिलं होतं. त्या दिवसापासून खऱ्या नमुन्याआधी लाकडाची फळी मोडून पाहायचा नियम केला.

हे सगळं सुरू कुठून झालं? आणि बडोद्याशी याचा काही संबंध?

संबंध आहे, पण उलट्या दिशेने. तो शेवटी सांगतो.

१८५१ साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये फॉक्स टॅलबट यांनी फिरत्या चकतीवर वर्तमानपत्राचं पान लावलं, अंधार केला, आणि लेडन जारमधून, म्हणजे वीज साठवणाऱ्या काचेच्या बरणीतून, उडवलेल्या ठिणगीच्या उजेडात त्याचा फोटो घेतला. शटर नव्हतंच. ठिणगी हेच शटर. १८७८मध्ये मायब्रिज यांनी कॅलिफोर्नियात धावत्या घोड्यासाठी रांगेने कॅमेरे मांडले आणि चारही पाय एकाच वेळी जमिनीवरून सुटतात हे दाखवलं. १८८७मध्ये अर्न्स्ट माख आणि पेटर साल्खर यांनी आवाजापेक्षा वेगाने जाणाऱ्या गोळीपुढची धक्का-लहर छापून दाखवली. हवा दिसत नाही, पण तिची घनता बदलली की प्रकाश किंचित वाकतो. त्या वाकण्याचं चित्र करण्याची पद्धत टोप्लर यांनी १८६०च्या दशकात बसवली होती. ती श्लीरेन पद्धत आजही जशीच्या तशी वापरात आहे. एक चांगला अंतर्गोल आरसा, एक ब्लेड आणि एक बारीक दिवा एवढ्यात मेणबत्तीवरची गरम हवा दिसते.

इंग्लंडमधल्या आर्थर वर्दिंग्टन यांची गोष्ट मी प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला सांगतो. थेंब पडल्यावर उडणारा मुकुट ते वर्षानुवर्षं ठिणगीच्या उजेडात डोळ्याने पाहून हाताने चितारत होते. चित्रं सुंदर, अगदी सममित. मग त्यांनीच फोटो काढायला सुरुवात केली आणि दिसलं काय, तर मुकुटाची टोकं वाकडीतिकडी, लहानमोठी. डोळ्याने नीट पाहिलं होतं, पण मनाने दुरुस्त करून घेतलं होतं. वर्दिंग्टन यांनी हे स्वतःच कबूल केलं, ही मला त्यांची सगळ्यात मोठी गोष्ट वाटते.

आणि हॅरल्ड एजर्टन. दुधाच्या थेंबाचा मुकुट आणि सफरचंदातून आरपार गेलेली गोळी हे त्यांचे फोटो सगळ्यांनी पाहिलेत. पण ते मूळचे विद्युत अभियंते. अमेरिकेतल्या एमआयटीत त्यांचा विषय होता सिंक्रोनस मोटर, म्हणजे विजेच्या ठेक्याशी जुळवून फिरणारी मोटर. भार अचानक बदलला की फिरता रोटर किती कोनाने मागे पडतो हे पाहायचं होतं, म्हणून त्यांनी रोटरवर ठराविक ठेक्याने लखलखणारा दिवा टाकला आणि फिरणारा रोटर जागच्या जागी उभा केला. १९३१ची डॉक्टरेट त्या कामाची. कॅमेऱ्याचा छंद म्हणून हे सुरू झालं नाही, मोटरच्या प्रश्नातून झालं. ज्या शहरात इतके लोक मोटर, ट्रान्सफॉर्मर आणि स्विचगिअरवर पोट भरतात तिथे हे माहीत असायला हवं.

आता बडोदं. सयाजीराव महाराजांनी १८९० साली कलाभवन काढलं. आजच्या सयाजीराव विद्यापीठाच्या तंत्रज्ञान आणि अभियांत्रिकी विद्याशाखेचं ते मूळ, आणि पत्ता अजून कलाभवनचाच. तिथे इतर विषयांबरोबर छायाचित्रण शिकलेला एक मराठी विद्यार्थी पुढे गोध्ऱ्यात फोटो स्टुडिओ काढून बसला. दादासाहेब फाळके. पहिला चित्रपट करण्याआधी त्यांनी मटाराचं रोप उगवताना टिपलं, रोज थोडं थोडं, महिनाभर. म्हणजे आपण सेकंद ताणून मोठा करतो, त्यांनी महिना दाबून मिनिटावर आणला. डोळ्याला न दिसणारी गती दिसेल अशी करायची, काम तेच.

आमच्या विभागात याचा उपयोग काय?

यंत्र विभागाला विचारायची गरज नाही, फवारा, ज्वलन, बुडबुडे, पंपातलं कॅव्हिटेशन (दाब घसरल्यावर पाण्यात बुडबुडे होऊन फुटणं) हे सगळं त्यांचंच. इतरांसाठी थोडं.

विद्युतवाल्यांना सर्किट ब्रेकरचा आर्क. संपर्क वेगळे होताना जी ठिणगी ओढली जाते ती प्रवाह शून्यावर येताना विझावी अशी अपेक्षा असते. ५० हर्ट्झला शून्य दर १० मिलिसेकंदांनी येतं, म्हणजे १०,००० फ्रेम्सना एका शून्यापासून दुसऱ्यापर्यंत १०० फोटो. त्यासोबत प्रवाहाचा ऑसिलोस्कोपवरचा आलेख त्याच ट्रिगरवर घेतलात तर आर्क कुठे रेंगाळला आणि का, हे बोट ठेवून दाखवता येतं. नुसत्या व्हिडिओला किंमत नाही, आलेखाशी जोडलेल्या व्हिडिओला आहे.

वस्त्र विभागाला एअर-जेट माग. बाण्याचा धागा हवेच्या झोतावर ताण्यातून पलीकडे फेकला जातो, आणि तो मध्येच का वाकतो, का तुटतो हे डोळ्याला कधीच दिसत नाही. हा विषय आपल्याकडे फार कमी जण घेतात, याचं मला नवल वाटतं. माग उपलब्ध, कॅमेरा उपलब्ध, आणि १०,००० फ्रेम्स भरपूर झाल्या.

धातू आणि स्थापत्यवाल्यांसाठी आघाताच्या चाचण्या. हॉपकिन्सन बारवर, म्हणजे दोन लांब दांड्यांमध्ये नमुना धरून आघात देणाऱ्या यंत्रावर, नमुना शंभरेक मायक्रोसेकंदांत दबून जातो. एक लाख फ्रेम्स घेतल्या तरी दहाच फोटो. इथे मात्र खरोखर वेगवान कॅमेरा लागतो, शिमाद्झूच्या एचपीव्ही-एक्स२सारखा, जो सेकंदाला एक कोटी फ्रेम्स घेतो, पण फक्त २५६. म्हणजे पंचवीस मायक्रोसेकंदांत रीळ संपलं. ट्रिगर चुकला तर काहीच नाही.

आघाताच्या नमुन्यावर ठिपके का मारायचे?

सॉफ्टवेअरला नमुन्याचा पृष्ठभाग ओळखू यावा म्हणून. ठिपके कुठून कुठे सरकले यावरून ते ताण-विकृतीचा नकाशा काढतं. आधी पांढरा मॅट रंग, त्यावर काळ्या स्प्रेचे शिंतोडे. एक ठिपका चित्रात तीन ते पाच पिक्सेलचा यावा, म्हणजे कॅमेरा लावून पाहिल्यावरच ठिपक्यांचा आकार ठरवता येतो, आधी नाही. रंग चाचणीच्या आदल्या संध्याकाळी मारा. महिनाभर जुना, वाळून कडक झालेला रंग आघाताबरोबर पापुद्र्यासारखा उडतो, आणि सॉफ्टवेअर उडत्या पापुद्र्याची विकृती इमानेइतबारे मोजून देतं.

वेल्डिंग टिपायचंय. आर्कपुढे बाकी काही दिसतच नाही.

नेहमीच्या उलट, इथे प्रकाश फार आहे. उपाय एकच: आर्कपेक्षा प्रखर, पण एकाच रंगाचा उजेड टाका आणि लेन्सवर त्याच रंगाला वाट देणारा फिल्टर लावा. बहुधा ८०८ नॅनोमीटरचा डायोड लेझर वापरतात. आर्कचा उजेड सगळ्या रंगांत पसरलेला असतो, त्यातला फिल्टरमधून थोडासाच येतो, तुमचा सगळा येतो. मग तारेच्या टोकाला फुगणारा आणि सुटून पडणारा वितळलेला थेंब स्वच्छ दिसतो.

मोबाइलच्या स्लो-मोशनवर प्रबंध चालेल का?

२४० फ्रेम्सचा मोबाइल हे खोटं यंत्र नाही. लंबक, उडी मारणारा चेंडू, पाण्यातला मोठा बुडबुडा यांना तो पुरतो. दोन गोष्टी तपासा. काही फोनमधल्या ९६० फ्रेम्सपैकी बऱ्याच सॉफ्टवेअरने मधल्या मध्ये कल्पून भरलेल्या असतात. असा फोटो मोजणं म्हणजे जे घडलंच नाही त्याची लांबी काढणं. दुसरं, फोन प्रत्येक फ्रेमला सारखाच वेळ देतो असं नाही. एक मीटर उंचीवरून गोळी सोडा. ती ०.४५ सेकंदात खाली येते, म्हणजे २४० फ्रेम्सना १०८ फोटो यायला हवेत. पाच वेळा मोजा. आकडा दर वेळी तोच आला तर गाईडशी बोला, नाही आला तर फोन खिशात ठेवा.

चांगला कॅमेरा मिळतच नाही. काहीच करता येणार नाही का?

येतं. टॅलबट यांची ठिणगी आठवा. साधा डीएसएलआर, अंधारी खोली, शटर दोन-तीन सेकंद उघडं, आणि बाहेरचा फ्लॅश सगळ्यात कमी शक्तीवर. कमी शक्तीवर फ्लॅशचा उजेड सेकंदाच्या वीस-तीस हजाराव्या भागात संपतो, आणि चित्र तेवढ्याच वेळाचं येतं. ४० सेंटिमीटरवरून पडणारा थेंब सेकंदाला सुमारे २.८ मीटर वेगाने येतो, पुसट व्हायला त्याला वेळच मिळत नाही. थेंब वाटेत एका इन्फ्रारेड सेन्सरसमोरून जाऊ द्या, आर्डुइनोला (छोटा, स्वस्त कंट्रोलर बोर्ड) सांगा की इतक्या मिलिसेकंदांनी फ्लॅश उडव. पुढच्या थेंबाला अर्धा मिलिसेकंद उशीर. असे शंभर थेंब, शंभर फोटो, ओळीने लावले की एक चित्रफीत.

अट एकच, शंभरही थेंब सारखे पडले पाहिजेत. तुटणाऱ्या गोष्टींना ही युक्ती चालत नाही. पण म्हणून हिला गरिबाची युक्ती समजू नका. मूळचे नाशिकचे, पुण्याच्या सीओईपीत शिकलेले रमेश रासकर आणि त्यांचे सहकारी यांनी २०११मध्ये एमआयटीत प्रकाशाचा झोत बाटलीतून जाताना दाखवला. प्रकाश पिकोसेकंदात (सेकंदाच्या लाख कोटीव्या भागात) ०.३ मिलिमीटर जातो, आणि ते दृश्यही एका झोताचं नाही, एकसारख्या असंख्य झोतांचं जोडून केलेलं आहे.

रंगीत घ्यावा की कृष्णधवल?

कृष्णधवल. रंगीत सेन्सरवरची गाळणी बराच प्रकाश खाते. ज्वालेचा रंग हाच तुमचा विषय असेल तरच रंगीत.

डेटा किती होतो?

दहा लाख पिक्सेल, १२ बिट, म्हणजे एक फोटो दीड एमबी. सेकंदाला २०,००० घेतले तर सेकंदाला ३० जीबी. ६४ जीबीची मेमरी दोन सेकंदांत भरते, आणि ती साध्या नेटवर्क केबलने संगणकावर उतरवायला दहा-बारा मिनिटं लागतात. त्या मिनिटांत वीज गेली तर सगळं गेलं, कारण ती मेमरी विजेवरच जिवंत असते. आमचं एकदा मे महिन्यात असंच गेलं. यूपीएसशिवाय मी कॅमेरा चालू करू देत नाही.

आणि सगळं उतरवू नका. २०,००० फ्रेम्सचा एक सेकंद २५च्या गतीने पाहायला तेरा मिनिटं वीस सेकंद लागतात. कामाचा भाग कापून घ्या. मोजमापासाठी मूळ फाइल किंवा टिफ ठेवा, दाखवण्यासाठी एमपी४. उलट केलंत तर थेंबाच्या कडेला चौकोनी खवले दिसतील आणि परीक्षक विचारेल.

प्रबंधात काय काय लिहायचं?

फ्रेमरेट, एक्स्पोजर, चित्राचे पिक्सेल, एका पिक्सेलचे मायक्रॉन, लेन्स, दिवा कुठला आणि कुठे, ट्रिगर कशाचा, प्रयोग किती वेळा केला. एका पिक्सेलचे मायक्रॉन काढायला प्रयोगाच्या जागी स्टीलची पट्टी धरून एक फोटो काढा, रोज, कॅमेरा हलवला नसला तरी. कोणीतरी रात्री स्टँडला धक्का दिलेला असतोच.

परदेशातून कॅमेरा मागवला तर इतके फॉर्म का भरून घेतात?

अतिवेगवान कॅमेरे अण्वस्त्रांच्या संशोधनातही लागतात, म्हणून त्यांच्यावर निर्यात-निर्बंध आहेत. वापर कशासाठी हे लिहून द्यावं लागतं. वेळ धरून चाला.

धोका काही?

लेझर असेल तर त्याच तरंगलांबीचा गॉगल, दुसरा चालत नाही. आपटणारं, फुटणारं काही असेल तर मध्ये पॉलिकार्बोनेट. आणि कॅमेरा फुटणाऱ्या वस्तूसमोर ठेवूच नका. पुढच्या पृष्ठभागावर मुलामा असलेला आरसा तिरका लावा आणि कॅमेरा बाजूला ठेवून आरशात पाहा. आरसा गेला तर दुसरा येतो.

उत्तरायणाला मांजा कटताना टिपता येईल का?

दरवर्षी डिसेंबरअखेर हा प्रश्न येतोच, आणि विचारणारा दांडिया बाजारातला असेल तर नक्कीच. आकाशात जमणार नाही, मांजा कुठे कटेल हे आधी माहीत नसतं आणि बारीक दोरा पन्नास मीटरवरून एका पिक्सेलएवढाही दिसत नाही. गच्चीवर दोन हुकांमध्ये हातभर मांजा ताणून बांधा, दुसरा त्यावरून घासत न्या, म्हणजे जागा ठरली. मांजावर एक बारीक तार चिकटवून ट्रिगर घ्या. ५,००० फ्रेम्सपासून सुरुवात करा. दिव्याची गरज नाही, चौदा जानेवारीच्या दुपारी गच्चीवरचं ऊन कुठल्याही एलईडीला भारी आहे, फक्त ते लेन्समध्ये सरळ शिरणार नाही अशी बाजू धरा. कॅमेरा सावलीत, चादरीखाली, आणि कठड्यापासून लांब. खाली मुलं पतंगामागे पळत असतात आणि वर सगळे ‘काप्यो’ म्हणून ओरडत उड्या मारतात.